जुना सीडी प्लेयर बदलला तर घरातला आवाज सुधारतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ जण गाणं ऐकायला जमतो. प्रत्येकाकडे सीडींची एखादी तरी पेटी आहे, आणि बहुतेकांचा प्लेयर मुलांच्या वयाचा झालाय. माझी नोकरी मोजमापाच्या उपकरणांच्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे कोणाचा प्लेयर अडला की फोन मला येतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

माझा सीडी प्लेयर वीस-पंचवीस वर्षांचा आहे. नवा घेतला तर आवाज सुधारेल का?

प्लेयर तबकडी न अडखळता वाचत असेल, डाव्या-उजव्या स्पीकरमधून सारखा आवाज येत असेल आणि मागे घूं किंवा खरखर नसेल, तर नाही. फरक पडलाच तर तो इतका बारीक असेल की त्यासाठी मोजलेल्या पैशांचं समाधान मिळणार नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण माझ्या ओळखीच्या लोकांनी आधी प्लेयर बदलला, मग वायरी बदलल्या, मग परत प्लेयर बदलला, आणि आवाज जिथल्या तिथे राहिला. स्पीकर मात्र पहिल्यापासून तेच, टीव्हीच्या शोकेसमध्ये कोपऱ्यात कोंबलेले.

प्लेयर आजारी असेल तर गोष्ट वेगळी. पण आजारी प्लेयर बरा करणं बहुतेक वेळा नव्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

चाळीस वर्षांत तंत्रज्ञान कुठच्या कुठे गेलं. मग जुना प्लेयर मागे कसा पडला नाही?

कारण सीडीवर काय लिहायचं ते फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून १९८० साली ठरवलं, आणि ते आजही तसंच आहे. प्रत्येक बाजूचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं. त्यातून २०,००० हर्ट्झपर्यंतचे सूर मिळतात आणि सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ९६ डेसिबल मिळतं. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये रात्री खिडक्या लावूनही तीस-पस्तीस डेसिबलचा रहदारीचा गोंगाट आत असतो. म्हणजे सीडीवर जे आहे ते सगळं ऐकायला आपली खोलीच अपुरी पडते.

पहिले प्लेयर थोडे चाचपडत होते, हे खरं. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये विक्रीला आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा भाग, होता. तो आळीपाळीने डावा आणि उजवा आवाज काढायचा, त्यामुळे दोन बाजूंत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडायचा. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम चार मिलिमीटर पुढे जातो. खुर्चीत बसल्या बसल्या आपण मान त्याहून जास्त हलवतो. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटांचाच कन्व्हर्टर होता. त्यांनी तो चौपट वेगाने चालवला आणि राहिलेली कसर भरून काढली. ओव्हरसॅम्पलिंगची ही युक्ती पुढे सगळ्यांनीच उचलली. मला आजही त्या इंजिनियर मंडळींचं फार कौतुक वाटतं.

नव्वदच्या दशकात मध्यम किमतीच्या प्लेयरचीही विकृती (मूळ आवाजात उपकरणाने केलेला बिघाड) ०.०१ टक्क्याच्या आत आली होती, आणि खालपासून वरपर्यंतचे सूर अर्ध्या डेसिबलच्या आत सारखे येत होते. तुमच्याकडे १९९५ किंवा २००२ चा प्लेयर असेल तर तो चाचपडण्याचा काळ संपल्यानंतरचा आहे.

पण दुकानात नवा प्लेयर ऐकला, तो स्पष्टपणे चांगला वाटला. ते काय होतं?

बहुतेक वेळा नवा प्लेयर थोडा मोठा वाजत असतो, एवढंच. सीडी प्लेयरने जास्तीत जास्त २ व्होल्ट बाहेर द्यावेत असा सर्वसाधारण रिवाज आहे, पण एखादा २.३ व्होल्टही देतो. तेवढ्यानं १.२ डेसिबलचा फरक पडतो. गंमत अशी की कानाला तो ‘मोठा’ असा कळतच नाही. ‘मोकळा’, ‘जिवंत’, ‘तंबोरा भरीव’ असा कळतो.

आमच्याकडे एका रविवारी याचा प्रयोग केला. एक माझा १९९४ चा प्लेयर, एक शेजारच्या काकांनी नुकताच घेतलेला नवाकोरा, आणि तिसरा त्यांच्याच माळ्यावर पडलेला डीव्हीडी प्लेयर. एक मूळ सीडी आणि तिच्या राईट केलेल्या दोन प्रती तिघांत घातल्या. आलाप होता, सुरुवातीला नुसता तंबोरा. ॲम्पचं (ॲम्प्लिफायरचं) प्लेयर निवडायचं बटण फिरवायला वहिनी; आम्ही सगळे तिच्याकडे पाठ करून बसलो.

पहिल्या फेरीत काकांनी दर वेळी स्वतःचा प्लेयर बरोबर ओळखला. “हा माझा. बघा, जवारी कशी उलगडते.” आणि खरंच तसं वाटत होतं, मलाही. मग मी ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं. (साध्या मल्टिमीटरचं एसी माप त्याहून फार वरच्या सुरांना भरवशाचं राहत नाही, म्हणून ४००.) काकांचा प्लेयर एक डेसिबलहून थोडा जास्तच देत होता. त्याच्या वायरीत एक छोटा पॉट (आवाज कमी करायचं फिरतं बटण) जोडून तिघांची पातळी एक टक्क्याच्या आत सारखी केली. नंतर काकांचा आणि माझा असे दोनच ठेवून वीस वेळा विचारलं. काकांची अकरा उत्तरं बरोबर आली.

“अकरा म्हणजे काय रे?”

“नाणं उडवलं तरी नऊ, दहा, अकरा येतात, काका.”

ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले परत करू. दुसऱ्या वेळी नऊ आली. काकांचे कान तयार आहेत, आयुष्यभर त्यांनी गाणं ऐकलंय. पेटीची एक पट्टी किंचित उतरलेली असली तर त्यांना लगेच कळतं. त्यांनाच जर दोन प्लेयर वेगळे करता येत नाहीत, तर तो फरक बाकीच्यांनी पैसे मोजून विकत घेण्याइतका नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला तरीही फरक ऐकू येतो. माझे कान खोटे का?

नाही. ऐकू येणं खरंच असतं. फक्त ते प्लेयरमुळे की पातळीमुळे, की नवी वस्तू समोर दिसतेय म्हणून, हे पाठ फिरवून आणि पातळी जुळवून तपासा. तसं करूनही वीसपैकी पंधरा-सोळा वेळा बरोबर ओळखलंत तर तुमच्या दोनपैकी एका प्लेयरमध्ये नक्की काहीतरी बिघाड आहे. तो शोधण्यासारखा आहे.

माझा प्लेयर अडखळतो, मधेच ‘नो डिस्क’ दाखवतो. आता तरी बदलू ना?

थांबा. आधी तबकडी पाहा. वाचायची बाजू खरं तर चिवट असते: लेसर सव्वा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आत बघतो, त्यामुळे वरचा बारीक ओरखडा त्याला अंधुकच दिसतो. शिवाय लिहिण्याच्या पद्धतीतच चुकांची दुरुस्ती आहे. मागावरची, म्हणजे माहिती लिहिलेल्या गोल रेषेवरची, अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट प्लेयर जशीच्या तशी भरून काढतो. घात होतो तो छापील बाजूने. माहितीचा थर तिथे शाईच्या आणि लॅकरच्या अगदी खालीच असतो. तिथे टाचणी ओढली गेली तर ती सीडी गेली. पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं तर पडलेला ओरखडा मागाच्या दिशेनेच जातो आणि तोच जास्त नडतो.

तबकडी ठीक असेल तर लेन्स. आपल्या घरांत रोज फोडणी असते, देवापुढे उदबत्ती-धूप असतो. त्याचा तेलकट थर वर्षानुवर्षं लेन्सवर बसतो. प्लेयरचा प्लग काढा, वरचं झाकण उघडा. तुरीच्या डाळीएवढी, निळसर झाक असलेली लेन्स दिसेल. ती चार बारीक तारांवर तरंगत असते, बोटाने दाबायची नाही. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बडवर अगदी ओलसर होईल इतकंच घ्या, थेंब पडता कामा नये. पेटत्या दिव्यावरची काजळी टिपावी इतक्या हलक्या हाताने मधून बाहेर एकदा फिरवा. कोरड्या बडने पुन्हा एकदा. लेन्स स्वच्छ झाली की ट्यूबलाईटचं प्रतिबिंब तिच्यात काठापर्यंत धारदार दिसतं, आधी ते धुरकट असतं. पाच मिनिटं वाळू द्या आणि झाकण लावल्यावरच प्लग लावा. झाकण उघडं ठेवून चालू प्लेयरच्या लेन्समध्ये डोकावू नका. ७८० नॅनोमीटरचा तो प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

अडखळणं नेमकं कुठे होतं तेही पाहा. सीडी आतून बाहेर वाजते. पहिली गाणी नीट आणि शेवटची अडकत असतील, तर बऱ्याचदा दोष लेसरचा नसून तो ज्या दांड्यावर सरकतो त्यावरच्या सुकलेल्या ग्रीसचा असतो. जुनं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं नवं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावलं की काम होतं. ट्रे उघडत नसेल, किंवा उघडून अर्ध्यात थांबत असेल, तर आतला रबरी बेल्ट सैल झालाय. हा बेल्ट लॅमिंग्टन रोडला अगदी किरकोळ पैशांत मिळतो. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, आणि जुना बेल्ट खिशात घेऊनच जायचं, नाहीतर मापाचा घोळ होतो. घरातला रबर बँड लावू नका, तो महिन्याभरात चिकट होऊन पुलीला बसतो.

दुकानदार म्हणाला ‘लेसर गेला’. विश्वास ठेवू का?

लेसर जातो, नाही असं नाही. त्याचा डायोड, म्हणजे प्रकाश देणारा भाग, हजारो तासांनी मंदावतो. राईट केलेल्या सीडी वाचायच्या बंद झाल्या आणि छापील सीडी अजून वाजताहेत, तर ते मंदावण्याचं लक्षण असू शकतं, कारण राईट केलेली तबकडी प्रकाश कमी परतवते. पण लेन्स पुसल्याशिवाय आणि दांड्याचं ग्रीस पाहिल्याशिवाय कोणी हे सांगत असेल तर दुसरीकडे दाखवा.

आणि पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्स असलेला भाग, बदललाच, तर माझ्यावर आलेली वेळ तुमच्यावर येऊ नये. बऱ्याच पिकअपवर कारखान्यातून एक सोल्डरचा ठिपका मारलेला असतो. स्थिर विजेने डायोड जळू नये म्हणून दोन टोकं जोडून ठेवतात; पिकअप बसवून त्याची पट्टी जोडल्यावर तो ठिपका काढायचा असतो. माझ्या प्लेयरचा पिकअप मी कामाच्या गडबडीत बाहेर बदलून घेतला आणि तो ठिपका तसाच राहिला. प्लेयर ‘नो डिस्क’ दाखवत परत आला, वर सांगितलं की आता बोर्ड गेलाय, नवा घ्या. मी घरी उघडला, भिंग लावून पाहिलं, ठिपका चकाकत होता. सोल्डरिंग आयर्न एक सेकंद टेकवला. प्लेयर आजतागायत चालतोय. त्या दिवशी मी तो भंगारात दिला असता तर, या विचाराने अजून जीव खालीवर होतो.

पावसाळ्यात सीडींना आणि प्लेयरला बुरशी लागते. काय करू?

तलावपाळीजवळ राहा की नेरुळला खाडीच्या बाजूला, जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. सीडी भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि प्लेयर आठवड्यातून एकदा तासभर चालवा. त्याची स्वतःची ऊब पुरते. एसीच्या गार खोलीतला प्लेयर बाहेरच्या दमट खोलीत आणला तर लेन्सवर दव धरतं. अशा वेळी तासभर तसाच ठेवून मग सुरू करा. सीडीवरच्या बुरशीच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी साधं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो.

वेगळा डीएसी घेतला तर?

डीएसी म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा डबा. तुमच्या प्लेयरच्या मागे नारिंगी रंगाचं एक सॉकेट असेल, किंवा झडप उघडली की लाल उजेड दिसणारं चौकोनी सॉकेट असेल, तर प्लेयरकडून फक्त वाचण्याचं काम घेऊन बाकीचं डीएसीवर सोपवता येतं. पाहा, हा खरा उपयोगी उपाय आहे, पण एका विशिष्ट दुखण्यावर: प्लेयर वाचतो छान, पण त्याच्या आवाजाच्या भागातले कपॅसिटर सुकल्याने खरखर येते किंवा एक बाजू दबली आहे. तिथे साधा, कमी किमतीचा डीएसीसुद्धा ते दुखणं पूर्ण टाळतो. निरोगी प्लेयरला डीएसी जोडून चमत्काराची वाट पाहू नका.

जिटरबद्दल, म्हणजे आकडे पोचण्याच्या वेळेतल्या थरथरीबद्दल, लोक फार घाबरवतात. सध्याचे बहुतेक डीएसी ती थरथर आत आल्यावर गाळून टाकतात.

माळ्यावरचा डीव्हीडी प्लेयर सीडीसाठी चालेल का?

चालेल. बहुतेकांना नारिंगी सॉकेट असतंच. नवा सीडी प्लेयर घेण्याआधी तो एकदा खाली काढा.

मग आवाज सुधारायचा असेल तर पैसे कुठे घालू?

आधी स्पीकर पाहा, मग खोली. प्लेयरची विकृती टक्क्याचा शंभरावा भाग असते. चांगल्या स्पीकरचीही खर्जात मोठ्याने वाजवताना टक्क्याच्या घरात जाते. प्लेयर सगळे सूर अर्ध्या डेसिबलच्या आत सारखे देतो. तेच सूर स्पीकरमधून निघून आपल्या खोलीत फिरून कानाला पोचेपर्यंत दहा-दहा डेसिबलने वरखाली झालेले असतात.

नव्वदच्या दशकातले स्पीकर असतील तर पुढची जाळी काढून वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या गोलाच्या) कडेचा स्पंज बघा. आपल्या दमट हवेत तो पंधरा-वीस वर्षांत शेवेसारखा भुगा होऊन गळतो. बाहेरून कळत नाही, पण डग्ग्याची घुमक जाते आणि त्या जागी फटफट येते. नवीन कडा चिकटवणारे कारागीर मिळतात, आणि नव्या स्पीकरच्या मानाने त्याला फारच थोडा खर्च येतो. रबरी कडा असतील तर त्या जास्त टिकतात. एक परीक्षा घरीच करा: ॲम्प बंद ठेवून वूफरच्या कोनला (मधल्या शंकूला) दोन्ही अंगठ्यांनी सारखा, हलका दाब द्या. आत-बाहेर होताना घासल्याचा आवाज आला तर कॉईल सरकली आहे.

ॲम्पचं आवाजाचं बटण फिरवताना खर्रर्र होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. मागची सॉकेटं हिरवट झाली असतील तर तीही पुसून घ्या. एक बाजू मधेच जाऊन बटण फिरवलं की परत येत असेल, तर दोष ॲम्पच्या रिलेत किंवा त्या बटणात असतो. लोक हेही प्लेयरच्या माथी मारतात.

आता खोली. आपल्याकडची नेहमीची १० बाय १२ ची खोली, साडेनऊ फूट उंचीची, गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती, एका बाजूला सरकती काचेची खिडकी. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंती-भिंतींत अडकून घुमतो, १० फुटांच्या रुंदीत ५७ चा, आणि साडेनऊ फुटांच्या उंचीत ६० चा. शेवटचे दोन एकमेकांना इतके चिकटून आहेत की त्या जागचा खर्ज डोक्यावर बसतो, आणि त्याच्या वरचा डग्गा मात्र पातळ वाटतो. कुठलाही प्लेयर, कितीही किमतीचा, हे बदलू शकत नाही. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड फूट पुढे आणा. तुम्ही जिथे बसता ती जागाही मागच्या भिंतीला चिकटलेली नको. समोर फरशीवर जाड सतरंजी किंवा घडीची गोधडी टाका, खिडकीला जाड पडदा, आणि एखाद्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. आमच्या रविवारच्या मंडळींपैकी खारघरच्या एका घरी आम्ही एवढंच केलं. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, “शब्द कळायला लागले की!” एकही नवी वस्तू विकत घेतलेली नव्हती.

महागडी वायर, खास प्लग, तबकडीच्या कडेला हिरवं पेन?

नको. वायर धड असावी, टोकं घट्ट बसावीत, इतकंच बघा. हिरव्या पेनाने काहीही होत नाही.

स्पीकरमधून सतत घूं येतं. प्लेयर खराब आहे का?

क्वचित. एकेक वायर काढत जा. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स ॲम्पला जोडलेला असेल तर आधी त्याची केबलची वायर काढून बघा. केबलचं अर्थिंग आणि घराचं अर्थिंग वेगळं असलं की त्या फेऱ्यात ५० हर्ट्झची घूं शिरते. सगळी उपकरणं एकाच बोर्डवरच्या सॉकेटांना लावली तरी बऱ्याचदा थांबते. ॲम्पचा अर्थचा पाय मात्र कधीही कापू नका, त्यात जिवाला धोका आहे.

आवाज फार मोठा, घोगरा आणि खर्जाने फुगलेला येत असेल तर प्लेयर चुकून ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटात लावलाय का पाहा. ते तबकडीच्या ग्रामोफोनसाठी असतं. असे फोन मला वर्षातून दोन-तीन येतात.

परदेशातून आणलेला जुना प्लेयर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

मागची पट्टी वाचा. आखातातून आणलेला बहुधा २२०-२४० व्होल्टचा असतो, तो थेट चालतो. जपानच्या घरगुती बाजारातला १०० व्होल्टचा आणि अमेरिकेचा १२० चा असतो. तो आपल्या २३० व्होल्टला लावला की आतला ट्रान्सफॉर्मर त्याच क्षणी जाऊ शकतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा, कारण घरातलं कोणीतरी साफसफाई करताना प्लग थेट भिंतीत लावतं.

एसएसीडी किंवा हाय-रेझ घेतलं तर सीडीपेक्षा पुढे जाता येईल ना?

कागदावर हो. हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने मोजलेला आवाज. १९९९ साली आलेल्या एसएसीडीत (सुपर ऑडिओ सीडीत) सेकंदाला २८ लाखांहून जास्त मापं एकेका बिटाची असतात. पण २००७ साली मायर आणि मोरान या दोघांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. एसएसीडीसारख्या हाय-रेझ तबकड्यांचा आवाज मधेच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या टप्प्यातून, म्हणजे सीडीच्या दर्जातून काढला आणि ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. नेहमीच्या आवाजात उत्तरं निम्मीच बरोबर आली. त्यांनी हेही नोंदवलं की एसएसीडीवरची रेकॉर्डिंगं बऱ्याचदा अधिक मनापासून केलेली असतात, म्हणून ती चांगली वाटतात. माझा अनुभवही हाच आहे.

काही सीडी कशाही प्लेयरवर कर्कश का वाजतात?

कारण त्या तशाच बनवल्या आहेत. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेलं गाणं घासाघीस करून ‘स्वच्छ’ केलं की खरखरीबरोबर गळ्यातला दाणाही जातो. मूळ मोनो असलेल्या जुन्या गाण्यांना नव्या आवृत्तीत कृत्रिम घुमारा घातलेला मिळतो. नव्वदच्या दशकानंतर आवाज मोठा वाटावा म्हणून हळू आणि मोठ्या जागा एकाच पातळीला दाबण्याची रीत वाढली. नाट्यसंगीतातली तान जिथे उसळायला हवी तिथे ती सपाट होते. एकाच रेकॉर्डिंगची जुनी आणि नवी सीडी मिळाली तर दोन्ही ऐका; मला बऱ्याचदा जुनीच आवडते. प्लेयर बदलण्यापेक्षा सीडीची आवृत्ती बदलून कितीतरी जास्त फरक पडतो.

मग नवा प्लेयर घेणं योग्य कधी?

पिकअप खरोखर गेला आहे आणि त्या जातीचा मिळत नाही, किंवा मिळतो तो नकली निघतो. तबकडी फिरवणाऱ्या मोटरचं बेअरिंग झिजलंय. किंवा सध्याचं उपकरण म्हणजे स्पीकर-रेडिओ-सीडी सगळं एकात असलेला छोटा प्लास्टिकचा डबा आहे, आणि त्यातून आवाज दुसऱ्या उपकरणाकडे बाहेर काढायची सोयच नाही. डिस्प्ले दिसेनासा झाला, रिमोट मिळत नाही आणि आईला बटणं वापरता येत नाहीत, हेसुद्धा मला अगदी रास्त कारण वाटतं. अशा वेळी जरूर घ्या, फक्त डिजिटल आउटपुट आहे का ते पाहून घ्या, म्हणजे पुढे कधी डीएसी जोडता येईल.

सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर घेऊन प्लेयर काढूनच टाकला तर?

आवाजाच्या दृष्टीने काहीच गमावत नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं सॉफ्टवेअर शंका आलेला भाग पुन्हा वाचून पाहतं आणि तुमची प्रत इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या प्रतींशी आकड्यानिशी ताडून दाखवतं. फ्लॅक स्वरूपात ठेवा. जागा जवळपास निम्मी लागते आणि एकही बिट जात नाही. मोबाईलवरून ब्लूटूथने ऐकाल तर मात्र बहुतेक वेळा आवाज पुन्हा दाबला जातो, म्हणून वायर वापरा. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर वरचे सूर मुद्दाम चढवून लिहिलेले असतात आणि प्लेयर वाजवताना ते उतरवतो. कॉम्प्युटरवर घेतल्यावर अशी एखादी सीडी अचानक टोचू लागली, तर कारण हे असू शकतं.

सीडी मात्र टाकू नका, निदान आतलं पान तरी. आमच्याकडच्या एका मैफिलीच्या सीडीत गायकाच्या नावाखाली तबल्याला कोण, पेटीला कोण, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत तंबोऱ्यावर बसलेल्या दोन शिष्यांची नावं आहेत. त्याच मैफिलीचं ॲपवर फक्त गायकाचं नाव येतं. गाणी कॉम्प्युटरवर घ्याल तेव्हा त्या पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवा.